दोन तुकडे, मधला बांध

५ जून २०२३

जागा ठरली. वीस बाय पन्नास मीटरचे दोन तुकडे, प्रत्येकी साधारण दहा गुंठे, मध्ये एक बांध. गेली कित्येक वर्षं दोन्हीकडे सारखीच पिकं आणि सारखीच खतं पडलेली. उताराच्या वरच्या तुकड्यात शिफारशीप्रमाणे रासायनिक खतं, गरज पडली तर फवारणी. खालच्यात शेणखत, कंपोस्ट, पुढे हिरवळीचं खत, बाकी काही नाही. पीक गहू. वाण एकच, पेरणी एकाच दिवशी.

हे कशासाठी चाललंय ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर सोयीनं बदलता येणार नाही. सेंद्रिय की रासायनिक हा वाद ऐकून कान किटलेत. एक जण म्हणतो तुम्ही मातीला विष पाजलंत, दुसरा म्हणतो तुमच्या नादानं जग उपाशी मरेल, आणि वजनकाटा कोणाच्याच हातात नसतो. दोन वर्षं मोजायचं. पोती, तास, पाणी, गांडुळं, जे जे मोजता येईल ते.

१९ जून

मातीचे नमुने दिले. प्रत्येक तुकड्यातून नागमोडी चालत दहा ठिकाणची माती, घमेल्यात कालवून अर्धा किलो वेगळी काढली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या पदार्थांतला कार्बन, वर ०.४२ टक्के, खाली ०.४१. म्हणजे सुरुवात बरोबरीची.

पाणी मुरण्याची चाचणी: सहा इंची पत्र्याचं कडं ठोकून त्यात इंचभर पाणी ओतलं. वर १४ मिनिटं, खाली १३. फूटभर लांब, रुंद, खोल खड्ड्यात गांडुळं वर ३, खाली ४. फावड्यानं एक अर्धं तुटलं, ते मोजलं नाही.

२ जुलै

कंपोस्टचा ढीग रचला. मक्याची धाटं, पालापाचोळा, शेण, थोडी माती, असे थर. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत जी पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली, तिचाच हा घरगुती अवतार. हॉवर्ड आला होता इथल्यांना शेती शिकवायला. पुढे तो आपले गुरू म्हणून इथल्या शेतकऱ्यांचं आणि पिकांवरच्या किडींचंच नाव घेई.

११ जुलै

ढीग थंडगार. नऊ दिवसांत हात घातला तरी कोमटसुद्धा नाही. चूक माझीच. धाटंच धाटं भरली, हिरवं काही नाहीच. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र, म्हणजे नायट्रोजन, लागतं, आणि मी त्यांच्यापुढे नुसता भुसा वाढला. आज ढीग फोडला, बांधावरचं कोवळं गवत आणि शेणकाला घालून पुन्हा रचला.

१७ जुलै

आता ६३ अंश. सळई आत खुपसून काढली तर हातात धरवत नाही. पण पलटी देताना नाकात झणझण उठली, डोळ्यांत पाणी. अमोनिया. काल जे नत्र कमी पडत होतं ते आज जास्त झालं आणि हवेत चाललंय. वरून ओलसर माती पसरली, धाटं मिसळली, वास दबला.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. ढीग रचल्यापासून मी दुसऱ्या कशाचीच काळजी केलेली नाही. स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं यांचं नावही काढलं नाही. सगळा खेळ नत्राचा. हवेत ते ७८ टक्के आहे आणि पिकाला त्याचा थेट उपयोग शून्य. वहीत एक नवं पान घातलं: नत्र कुठून आलं, कुठे गेलं.

७ नोव्हेंबर

उद्या पेरणी. आज हिशेब.

गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र धरलं, म्हणजे दहा गुंठ्यांना १२ किलो. वरच्या तुकड्यासाठी १३ किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नत्र-स्फुरदाचं खत), त्यातून २.३ किलो नत्र मिळतं. उरलेलं भरायला ४६ टक्के नत्राचा युरिया २१ किलो. दोन पिशव्या, सायकलवर मावतील अशा.

खालच्या तुकड्यासाठी तेवढंच नत्र शेणखतातून. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते अर्धा टक्का. म्हणजे २,४०० किलो. ट्रॉली भरून आलं आणि पसरायला दोघांचे दोन दिवस गेले. कंपोस्टचा ढीग त्यात चिमूटभरच ठरला.

कागदावर दोन्हीकडे १२ किलो. पण युरियाचं नत्र आठवड्याभरात पिकाच्या तोंडाशी येतं. शेणखतातलं पहिल्या वर्षी फार तर तिसरा हिस्सा सुटतं, बाकीचं पुढच्या वर्षांच्या खात्यावर. बरोबरी करायची तर सात टन खत लागलं असतं. तेवढं आणायचं कुठून?

८ नोव्हेंबर

पेरणी झाली. वाफसा छान होता.

२९ नोव्हेंबर

एकविसावा दिवस, मुकुटमुळं फुटण्याची वेळ. दोन्हीकडे पहिलं पाणी, वर युरियाचा हप्ता. सध्या दोघांत फरक सांगता येत नाही.

११ डिसेंबर

खुरपणी. वरच्या तुकड्यात तणनाशक मारलं होतं, तिथे एक माणूस चार तासांत उरलंसुरलं उपटून मोकळा. खालच्या तुकड्यात चिलाची भाजी आणि चांदवेल गव्हाच्या बरोबरीनं उठलेली. शेणखताबरोबर बी आलं असणार, खत पुरतं तापलेलं नव्हतं. चार मावशी दीड दिवस वाकून होत्या. ४६ तास.

मी वही घेऊन बांधावर. त्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, त्या वहीत आमच्या कमरेचा रकाना हाय का?”

नव्हता. आज घातला.

१८ डिसेंबर

खालचा तुकडा पिवळा पडला. फुटवे फुटायच्या ऐन वेळी. पानांच्या रंगाची पट्टी लावून पाहिली. वरचा गहू गडद चौकटीत, खालचा त्याहून दोन घरं फिकट. दर झाडामागे फुटवे वर पाच-सहा, खाली तीन.

कारण सरळ आहे. शेणखतातलं नत्र जिवाणूंनी मोकळं करायचं, आणि माती गार पडली की जिवाणूही आळसावतात. गव्हाची भूक नेमकी याच थंडीत सगळ्यात मोठी. खत जमिनीत आहे, पीक वर उपाशी आहे, आणि दोघांची वेळ जुळत नाही. मातीला ऊब येईल तेव्हा फुटव्यांची वेळ टळलेली असेल.

युरियाची पिशवी हाताशी होती. रात्री दोनदा मनात आलं. घातला नाही.

२६ डिसेंबर

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

सकाळी उन्हं तिरपी असताना खालच्या तुकड्यात उभा होतो. सगळा पिवळसर, फक्त बांधाला चिकटून मीटरभर रुंदीचा पट्टा गडद हिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कुणी कुंचला ओढलाय. त्या पट्ट्यातलं झाड उपटलं तर सहा फुटवे. दोन पावलं खाली सरकून उपटलं तर तीन.

बांध ठिकठिकाणी ओला होता. खेकड्यांची दोन बिळं सापडली, आणि एका ठिकाणी पाणी देताना बांध फुटून ओघळ आलेला, तो मी त्या दिवशी पायानं दाबून टाकला होता. म्हणजे वर घातलेला युरिया पाण्यात विरघळून झिरपत माझ्या ‘सेंद्रिय’ गव्हाला पोसतोय. उतारावर वरचा तुकडा रासायनिक आणि खालचा सेंद्रिय ठेवायची अक्कल कुणाची? माझी. पाणी वरून खाली येतं एवढंही सुचलं नाही.

चूक मोठी आहे, पण त्या पट्ट्यानं जे दाखवलं ते मी मुद्दाम आखूनही दाखवू शकलो नसतो. वरच्या पिकाला दिलेलं सगळंच नत्र पिकाला मिळत नाही. जगभरात तृणधान्यांना दिलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमीच पिकात उतरतं. उरलेलं वाहून विहिरी-ओढ्यांत जातं, अमोनिया होऊन उडतं, नाहीतर नायट्रस ऑक्साइड होतं. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं. बांधाशी उभं राहून त्याचा रंग पहिल्यांदा पाहिला.

निर्णय: बांधाच्या दोन्ही बाजूंचा एकेक मीटर कापणीच्या वेळी वेगळा काढायचा.

९ फेब्रुवारी २०२४

मावा आला. वर जास्त, खाली कमी. नत्रावर लुसलुशीत वाढलेल्या पिकावर मावा जोरानं चढतो, त्यामुळे नवल नाही. वर एक फवारणी केली. खाली ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसताहेत.

२० फेब्रुवारी

मावा दोन्हीकडे ओसरला. वर औषधानं, खाली ढालकिड्यांनी, असं लिहायला हात शिवशिवतो. पण दरम्यान ऊनही वाढलंय, मावा नुसत्या उन्हानंही गेला असता. श्रेय कोरं ठेवतो.

याच संदर्भात आणखी एक. सेंद्रिय म्हणजे बिनविषारी, हा समज कुठून आला कोण जाणे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षांच्या केवडा या बुरशीरोगावर निघालं. बऱ्याच सेंद्रिय नियमावल्या ते आजही मर्यादेत चालवून घेतात. त्यातलं तांबं कुजत नाही, विघटित होत नाही, वर्षानुवर्षं मातीत साचत राहतं आणि गांडुळांना जाचतं. उलट काही रासायनिक औषधं काही आठवड्यांत मोडून जातात, काही वर्षांनुवर्षं मुक्काम ठोकतात. पाटी वाचून काही कळत नाही, एकेक औषध वेगळं बघावं लागतं.

२२ मार्च

कापणी, मळणी, वजन.

बांधाकडचा मीटर सोडून वरचा तुकडा ३६१ किलो, खालचा २४८. तूट ३१ टक्के.

वेगळ्या काढलेल्या हिरव्या पट्ट्यातून १८ किलो. खालच्या तुकड्यात इतरत्र तेवढ्याच जागेत १३ बसतात, वरच्यात १९. ते पोतं वेगळं शिवून ठेवलंय.

१४ एप्रिल

तूट बघून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्यांच्या वह्या उघडल्या.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १९७८ पासून सेंद्रिय आणि नेहमीच्या शेतीचे तुकडे शेजारी-शेजारी चालू आहेत. पहिल्या २१ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये छापला गेला. सेंद्रियचं उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी कमी, खतं आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी, कीटकनाशकं ९७ टक्क्यांनी कमी. गव्हाची तूट जेमतेम १० टक्के, बटाट्याची कितीतरी जास्त. म्हणजे तुटीचा एकच आकडा सांगणारा माणूस अर्धवट सांगतोय. कोणतं पीक, कितवं वर्ष, खत किती, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्राचं ब्रॉडबाक शेत त्याहून जुनं. १८४३ पासून तिथे गहू. एका पट्ट्याला तेव्हापासून काहीच खत नाही, तरी तो हेक्टरी टनाच्या आसपास देत राहतो. दुसऱ्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, आणि त्याच्या मातीतला सेंद्रिय कर्ब दुपटीच्या वर गेलेला. शेणखताचा पट्टा आणि रासायनिक पट्टे कित्येक दशकं खांद्याला खांदा लावून चालले. गंमत अशी की ज्या लॉझनं हे सुरू केलं त्यानं आदल्याच वर्षी सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं होतं. खतकारखानदारच तो, पण शेणखताचा पट्टा ठेवला आणि आकडे लपवले नाहीत. पुढे १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथेच आला आणि तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटावेत, प्रत्येक उपचाराचे अनेक तुकडे असावेत, हे शास्त्र त्यानं उभं केलं. त्याच्या कसोटीवर माझा एकेक तुकडा म्हणजे निव्वळ निरीक्षण. उताराची गोष्ट तर त्याच्या कानावर जायला नको.

वाणाचंही आहे. आजचा बुटका गहू जपानच्या नोरिन १० या वाणापासून आलेला. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी तो कुळात आणला, कारण जुने उंच गहू नत्र दिलं की लोळायचे. १९७० चं शांततेचं नोबेल त्या कामाला मिळालं. हे वाण भरपेट नत्रावर निवडलेलं आहे. ते खाली अर्धपोटी ठेवायचं आणि मग सेंद्रिय हरलं म्हणायचं, यात थोडा अन्याय आहेच. उलट जुनी पारंपरिक शेती आणि आजची सेंद्रिय शेती यांना एकच समजणंही तितकंच चूक. जुन्या शेतीत जमीन पड ठेवायची सोय होती, गुरांना चरायला रानं होती, आणि उत्पादन आजच्या मानानं फारच थोडं होतं.

३ मे

रकाने भरताना एक गणित अडलं, दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

माझं २,४०० किलो शेणखत म्हणजे ढोबळमानानं एका मोठ्या जनावराचं वर्षाचं खत. जनावर दिवसाला दहाएक किलो कोरडा चारा खातं, वर्षाला साडेतीन टनांवर. माझ्या दहा गुंठ्यांतून गव्हाचा भुसा निघाला जेमतेम अर्धा टन. म्हणजे या एका तुकड्याला खत पुरवणाऱ्या जनावराला चारा पुरवायला असे सात तुकडे हवेत. ते सात तुकडे माझ्या वहीत कुठेच नाहीत. तिथलं नत्र गवतातून गुरात, गुरातून शेणात, शेणातून माझ्याकडे आलं. मी दुसऱ्याच्या जमिनीचं नत्र उचललं आणि त्याला माझ्या मातीची सुपीकता म्हणत होतो.

वरच्या तुकड्याचीही वही अशीच अपुरी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनं १९०९ मध्ये हवेतलं नत्र पकडून दाखवलं, बॉशनं १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊला त्याचा कारखाना उभा केला. चारशे अंशांच्या वर तापमान, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब, आणि हायड्रोजनसाठी बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू. माझ्या २१ किलो युरियामागे ढोबळ हिशेबानं दहा लिटर डिझेलइतकी ऊर्जा जळाली. या एका रसायनक्रियेवर जगातली जवळपास निम्मी माणसं जेवतात असा अंदाज आहे. तेव्हा ती उद्या बंद करा म्हणणं सोपं नाही. श्रीलंकेनं २०२१ च्या एप्रिलअखेर रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद करायचं ठरवलं आणि नोव्हेंबरात माघार घेतली. भात घसरला, चहाला फटका बसला. देशाला पुरेल एवढं सेंद्रिय नत्र सहा महिन्यांत तयार होत नाही. माझा एक ढीग तापायला पंधरवडा लागला.

प्रश्न असा उरला की गुरांच्या सात तुकड्यांवाचून आणि वायूच्या भट्टीवाचून नत्र आणायचं कुठून. तिसरी वाट एकच ठाऊक आहे: शेंगवर्गी पीक.

२५ ऑगस्ट

खालच्या तुकड्यात ताग पेरला. जूनमध्ये पेरून जुलैअखेर गाडायची सवय आहे सगळ्यांना, पण मग सुटलेलं नत्र उरलेल्या पावसात धुऊन जाईल आणि गव्हापर्यंत काय पोचेल? म्हणून मुद्दाम उशिरा.

२८ सप्टेंबर

तागाचं एक झाड हलक्या हातानं उपटलं, मुळं बादलीत खळबळली. गाठी मोहरीपासून तुरीच्या दाण्याएवढ्या. एक नखानं चिरली तर आत गुलाबी, ताज्या मांसासारखी. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. तो प्राणवायूला आवर घालतो, म्हणून आतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र फोडू शकतात. बॉशच्या भट्टीला चारशे अंश लागतात ते काम इथे ओल्या मातीत चाललंय. दुसरी गाठ चिरली तर आत हिरवट. ती संपलेली.

१० ऑक्टोबर

ताग फुलावर, सेहेचाळीस दिवसांचा. गाडला. वाळून लाकडी व्हायच्या आत गाडणं महत्त्वाचं, नाहीतर पहिल्या ढिगाची गोष्ट जमिनीतच घडते.

प्रामाणिक नोंद: हे दीड महिना खालचा तुकडा अडकला. त्या काळात वर काही घेतलं नाही हा माझा सुस्तपणा. कुणी तिथे कमी दिवसांचं दुसरं पीक काढलं असतं.

६ नोव्हेंबर

बांध दीड फूट उंच केला, बिळं बुजवली, वरच्या बाजूनं चर खणला. दोन्ही तुकड्यांना वेगळा पाइप. उद्या पेरणी. खाली या वेळी शेणखत अर्धंच, १,२०० किलो, आणि तेही उन्हात पॉलिथीनखाली महिनाभर तापवून, तणाचं बी मरावं म्हणून.

१६ डिसेंबर

रंगाच्या पट्टीवर खालचा गहू एकच घर फिका. फुटवे चार-पाच. बांधालगत हिरवा पट्टा नाही.

खुरपणीचे तास ४६ वरून २९ वर. मावशींनी आपणहून विचारलं, “लिवलं का?” लिहिलं.

२४ मार्च २०२५

वर ३५२, खाली ३०१. तूट साडेचौदा टक्के.

१८ मे

दोन वर्षांनी तीच मोजमापं.

इंचभर पाणी मुरायला वर १५ मिनिटं, खाली ८. गांडुळं वर ४, खाली ११. मातीतले जिवाणू किती जोमात आहेत ते बघायला मार्चअखेर दोन्हीकडे सुती कापडाचे सारखे तुकडे वीतभर खोल पुरले होते. वरचं मळलं, कडेनं विरलं, पण घडी करता आली. खालच्याची फक्त शिवण हाताला लागली. ती पॉलिस्टरची होती.

सेंद्रिय कर्ब मात्र वर ०.४३, खाली ०.४६. यावर पेढे वाटण्यात अर्थ नाही, दोन नमुन्यांत एवढा फरक सहज पडतो. वरच्या १५ सेंटीमीटरच्या थरात दहा गुंठ्यांत दोनशे टन माती असते. कर्ब दशांश एक टक्क्यानं वाढवायचा तर दोनशे किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा, आणि आपण घातलेल्यातला बहुतेक जिवाणू श्वासावाटे उडवून टाकतात. दोन वर्षांत कर्ब वाढल्याचे फलक लावणाऱ्यांनी नमुने कुठून घेतले ते बघायला आवडेल.

एकच रकाना अजून भरता येत नाही. वरच्या तुकड्यातून खाली झिरपलेलं नत्र आता चरात जातं, चर ओढ्याला मिळतो. पहिल्या वर्षी ते निदान माझ्या गव्हाला लागत होतं.

पुढची आखणी: बांधाच्या खाली तिसरा तुकडा. ताग, अर्धं शेणखत, आणि पट्टी फिकी दिसली तरच चार-पाच किलो युरिया. याला सेंद्रिय म्हणता येणार नाही, रासायनिकही नाही. वहीत तूर्त ‘मधला’ लिहितो. तागाचं बी सांगून ठेवलंय. चरातल्या पाण्याचा नमुना पहिल्या पावसानंतर घ्यायचा, बाटली धुऊन ठेवली आहे.